सोप्या परीक्षेचं ओझं

अखिल भारतीय बार परीक्षा अवघड आहे, असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. टिपा नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराची पुस्तकं, सोबत नेता येतात. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के मिळाले की पास. काही वर्षांपूर्वी तर गाईड, नोट्स, हवं ते घेऊन आत बसता यायचं आणि 40 टक्क्यांवर भागायचं. त्यामुळे बार रूममध्ये चहा पिता पिता एखादा सिनिअर सहज म्हणून जातो, "त्यात काय, ती तर कुणीही पास होतो." त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्या परीक्षेत एकदा नापास झालेली मुलगी बसलेली असते. ती कप खाली ठेवते आणि उगाचच एक फाइल चाळायला लागते.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. नवे ज्युनिअर येतात, काही टिकतात, काही दुसरीकडे जातात. त्यांना या परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. त्यांच्यावरचा ताण अभ्यासक्रमातून आलेला नाही. परीक्षा आयुष्यात कुठे आणून ठेवली आहे, ती केव्हा होते याचा भरवसा किती आहे आणि तिच्यापायी काय काय अडकून पडतं, यातून तो आलेला आहे. म्हणजे तो व्यवस्थेने घडवलेला आहे, आणि परीक्षेचा दर्जा तसूभरही न उतरवता तो कमी करता येईल. "वकिलाला एवढाही ताण सोसत नसेल तर त्याने या धंद्यात यावंच कशाला" असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते याच मुद्द्यावर.

परीक्षेचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण आजचा गोंधळ त्यातूनच आलेला आहे. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमात सनद मिळण्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा अशी तरतूद मुळात होती. 1973 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पुढे 1995 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम करून एक वर्षाचं प्रशिक्षण आणलं. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये व्ही. सुदीर खटल्यात ते रद्द केलं. संसदेने जे मुद्दाम वगळलं ते कौन्सिलला नियमांच्या वाटेने परत आणता येणार नाही, असा त्या निकालाचा आधार होता. नंतर कायद्याच्या महाविद्यालयांचं पीक आलं. मध्य प्रदेशातल्या बॉनी फोई लॉ कॉलेजच्या प्रकरणात कायद्याच्या शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि त्या चर्चेतून 2010 मध्ये ही परीक्षा जन्माला आली. पहिली परीक्षा 6 मार्च 2011 ला झाली. कौन्सिलला अशी परीक्षा घेण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न मात्र थेट 10 फेब्रुवारी 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सोडवला: अधिकार आहे, आणि परीक्षा सनदेआधी घ्यायची की नंतर हे कौन्सिलने ठरवावं. बारा वर्षं मुलं अशी परीक्षा देत होती, जिच्या कायदेशीर पायावरच निकाल यायचा होता.

या इतिहासातली कळीची गोष्ट म्हणजे परीक्षेची जागा. प्रशिक्षण रद्द झालेलं, कायद्यातली तरतूद गेलेली, म्हणून परीक्षा सनदेच्या पुढे न ठेवता मागे ठेवली गेली. आधी तात्पुरती सनद घ्यायची, काळा कोट घालायचा, कोर्टात उभं राहायचं, आणि दोन वर्षांच्या आत परीक्षा पास व्हायची. नाही झालात तर पास होईपर्यंत प्रॅक्टिस बंद. पाहुण्याला घरात घ्यायचं, पंगतीत बसवायचं, दोन घास खाऊ द्यायचे आणि मग त्याला आमंत्रण होतं का ते विचारायचं, असा हा प्रकार झाला. दारातच विचारलं असतं तर तो फार तर परत गेला असता. पानावरून उठवलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. गावात त्याच्या नावाची पाटी लागलेली असते. आईने शेजारणीला सांगितलेलं असतं. दोन-चार पक्षकारांच्या वकीलपत्रावर सही झालेली असते. नापास झाल्यावर त्या पक्षकारांना काय सांगायचं, हा प्रश्न कुठल्याही गाईडमध्ये नसतो, आणि परीक्षेच्या आधीच्या रात्री झोप उडते ती नेमकी त्या प्रश्नाने.

याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो मोठ्या वयात कायद्याकडे वळलेल्यांना. महाराष्ट्रात तीन वर्षांचा एलएलबी करणाऱ्यांत नोकरदार पुष्कळ असतात. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, पोलीस खात्यातला हवालदार, विमा कंपनीतला विकास अधिकारी. सकाळच्या कॉलेजला बसून, सुट्ट्या जोडून परीक्षा देऊन ही माणसं पदवी मिळवतात. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरीत असलेल्याला वकिली करता येत नाही. म्हणजे सनद हवी तर आधी नोकरी सोडायची. आणि परीक्षेला बसायचं तर आधी सनद लागायची. या दोन नियमांच्या मधे सापडलेला माणूस पन्नाशीच्या जवळ आलेला असतो, त्याच्या मुलीची बारावी असते, घराचे हप्ते चालू असतात. परीक्षा पास होऊ की नाही हे कळायच्या आधी त्याला पगार सोडावा लागायचा. असा एक गृहस्थ माझ्याकडे सल्ल्याला आला होता. त्याला दिवाणी प्रक्रिया संहिता उत्तम येत होती. त्याची भीती संहितेची नव्हतीच. "साहेब, राजीनामा दिला आणि नापास झालो तर घरी काय सांगू?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी त्याला धीर दिला, पण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण चूक त्याच्या तयारीत नव्हती.

सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू द्यायला सांगितलं, आणि त्या वर्षीच्या परीक्षेपासून ते बसू लागले. माझ्या मते या परीक्षेच्या इतिहासातली ही सर्वांत चांगली गोष्ट. पदवीच्या शेवटच्या वर्षात, पुस्तकं हातात असताना, वर्गमित्र सोबत असताना, नोकरी असेल तर नोकरी शाबूत असताना परीक्षा देऊन मोकळं व्हायचं. ताण उरतोच, पण तो परीक्षेएवढाच उरतो. त्यात संसार मिसळत नाही. जुन्या बॅचचे हजारो लोक मात्र अजून त्या आधीच्या व्यवस्थेत आहेत. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला दिलेली वाट आता सवलत म्हणून न राहता मुख्य रस्ता व्हायला हवी.

तारखांबद्दल मला जास्त तीव्रतेने बोलायचं आहे. पंधरावी परीक्षा 24 जानेवारी 2021 ला झाली, सोळावी त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला. त्यानंतरची सतरावी थेट 5 फेब्रुवारी 2023 ला. 2022 हे अख्खं वर्ष एकही परीक्षा न होता गेलं. नोव्हेंबर 2021 मध्ये तात्पुरती सनद घेतलेल्या मुलाचा हिशेब करून पाहा. नियमातली त्याची दोन वर्षं नोव्हेंबर 2023 मध्ये संपतात. त्या दोन वर्षांत परीक्षा झाली एक. त्या एका रविवारी त्याला ताप आला, बहिणीचं लग्न निघालं किंवा दोन गुण कमी पडले, तर पुढची परीक्षा मुदतीच्या पलीकडे. मुदत वाढेल की नाही, हे त्याला त्या वेळी कुणी सांगू शकत नव्हतं. पुढची, म्हणजे अठरावी परीक्षा आधी 29 ऑक्टोबर 2023 ला होणार होती. मग 26 नोव्हेंबर ठरली, मग 3 डिसेंबर, आणि झाली 10 डिसेंबरला. एकोणिसावी 24 नोव्हेंबर 2024 वरून 1 डिसेंबरवर गेली आणि तिथून 22 डिसेंबरवर. दोन्ही वेळा निकाल लागायला मार्च उजाडला.

"तारीख पुढे गेली म्हणजे अभ्यासाला वेळ मिळाला की," असं म्हणणाऱ्याने नोकरी किंवा प्रॅक्टिस सांभाळून अभ्यास केलेला नसतो. ज्युनिअर वकील सिनिअरकडून सुट्टी मागतो ती ठरावीक दिवसांसाठी. तारीख हलली की ती सुट्टी वाया जाते आणि दुसऱ्यांदा मागायला तोंड उरत नाही. बाहेरगावच्या केंद्रासाठी काढलेलं तिकीट रद्द करावं लागतं. बाळाला माहेरी ठेवून अभ्यासाला बसलेल्या मुलीला ते बाळ परत आणावं लागतं आणि महिन्याभराने पुन्हा पाठवावं लागतं. आणि मन एकदा एका दिवसासाठी ताणून धरलं की ते सैल सोडून पुन्हा तेवढंच ताणता येत नाही. दुसऱ्या वेळी वाचलेलंच डोळ्यांपुढून सरकत राहतं. न्यायाधीशांच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 ला पुन्हा लागू केली, तेव्हा सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने एक बारकावा आवर्जून सांभाळला: ही तीन वर्षं बार परीक्षा पास झाल्याच्या दिवसापासून न मोजता तात्पुरत्या सनदेपासून मोजायची, कारण परीक्षेच्या तारखा एकसारख्या नसतात. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाला जी अनिश्चितता हिशेबात धरावी लागते, ती सोसणाऱ्याला आपण मनाने कमकुवत म्हणत असतो.

अभ्यासाचं ओझं मुळीच नाही, असं माझं म्हणणं नाही. विषय एकोणीस. राज्यघटना, फौजदारी आणि दिवाणी प्रक्रिया यांना प्रत्येकी दहा गुण. पुरावा, कौटुंबिक कायदा, करार आठ-आठ. मग उतरत उतरत कंपनी कायदा, पर्यावरण, सायबर, भूसंपादन, बौद्धिक संपदा यांना दोन-दोन. दोन गुणांसाठी एक अख्खा कायदा वाचायचा की सोडून द्यायचा, हा निर्णयच थकवणारा असतो, आणि तो एकट्याने घ्यायचा असतो. त्यात 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदे बदलले. भारतीय दंड संहितेच्या 511 कलमांच्या जागी न्याय संहितेची 358 आली. खून 302 चा 103 झाला, फसवणूक 420 ची 318 झाली. हे पाठ करता येतं. खरा घोळ होतो तो जुना आकडा नव्या जागी दुसऱ्याच अर्थाने भेटतो तेव्हा. अटकपूर्व जामीन जुन्या संहितेत 438 होता, नागरिक सुरक्षा संहितेत तो 482 झाला. पण 482 म्हणजे आमच्या सर्वांच्या जिभेवर उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. ते आता 528 मध्ये गेले. पोटगीचं 125 आता 144 आहे, आणि 144 म्हटलं की शाळकरी मुलालाही जमावबंदी आठवते. ती 163 मध्ये गेली. नवी मुलं जुना कायदा कॉलेजात शिकली, नवा त्यांनी परीक्षेसाठी वाचला, आणि कोर्टात अजून दोन्ही चालतात, कारण जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली उभे आहेत. दिवसभर एक आकडा बोलायचा आणि रात्री दुसरा घोकायचा. कायदा समजून घेण्याशी याचा फारसा संबंध नाही, पण डोकं शिणतं ते यानेच.

गेल्या एका परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात माझ्या ऑफिसातली ज्युनिअर संध्याकाळी पक्षकार गेल्यावर खोडरबर घेऊन बसली होती. समोर दिवाणी प्रक्रिया संहितेचा तिचा कॉलेजपासूनचा बेअर ॲक्ट. कलम 11 च्या समासात शिक्षकांनी सांगितलेली उदाहरणं, ऑर्डर 7 रूल 11 च्या शेजारी निवाड्यांची नावं, ऑर्डर 39 ला तीन मुद्द्यांची खूण, सगळं बारीक पेन्सिलीने लिहिलेलं. केंद्रावर पुस्तक चाळून पाहतात आणि लिहिलेलं आढळलं तर काढून घेतात, म्हणून ती एकेक पान खोडत होती. बेअर ॲक्टचा कागद पातळ. जोरात घासला की फाटतो. टेबलावर रबराच्या काळपट वळकट्या साचल्या होत्या. पेनाने लिहिलेली पानं निघेनात, तेव्हा तिने तीन पुस्तकं नवी घ्यायचं ठरवलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. टिपा नेऊ दिल्या तर परीक्षेला काही अर्थ उरत नाही, हे मला मान्य आहे. पण पाच वर्षांत तिने कायद्याशी जे नातं जोडलं होतं ते त्या समासात होतं, आणि वकील म्हणून उभं राहण्यासाठी ते तिलाच पुसावं लागत होतं. नवी पुस्तकं आणली तरी पानं सापडेनात. जुन्या पुस्तकात कलम उघडायला तिला क्षण लागायचा, कारण हात ओळखत होता. परीक्षेत एका प्रश्नामागे जेमतेम दोन मिनिटं. त्यात शोधाशोध करत बसलं की वेळ गेलाच. पुस्तक सोबत आहे म्हणून परीक्षा सोपी, असं सांगणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

आणि पैसा. परीक्षेचं शुल्क 3,500 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 2,500. दर खेपेला नव्याने भरायचं. सनदेच्या शुल्कापोटी राज्याराज्यांच्या कौन्सिल हजारोंच्या घरात रक्कम घेत होत्या. 30 जुलै 2024 च्या निकालाने त्याला चाप बसला आणि कायद्यात लिहिलेल्या 750 आणि 125 रुपयांवर ते आलं. पण परीक्षेचं शुल्क, पुस्तकं, क्लास, केंद्राच्या गावी राहणं हे सगळं येतं ते माणसाच्या कमाईच्या सर्वांत कोरड्या काळात. ज्युनिअरला शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असं परिपत्रक बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये काढलं. ते बंधनकारक नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टांत किती ज्युनिअरना पेट्रोलच्या पलीकडे काही मिळतं, हे आपण सगळे वकील जाणतो. पंचविशी उलटलेल्या मुलाने परीक्षेच्या शुल्कासाठी वडिलांकडे हात पसरायचा आणि वडिलांनी "अजून परीक्षा आहेच का?" असं विचारायचं, हा प्रसंग घरोघरी घडतो.

इथे मला त्या चहाच्या कपाशी पुन्हा यावं लागतं, कारण सोपेपणाची ही ख्यातीच मला या परीक्षेचा सर्वांत क्रूर भाग वाटते. युपीएससीत नापास झालेल्या मुलाला समाज निदान प्रयत्नाचं श्रेय देतो. सीए फायनलला गट राहिला तर नातेवाईक हळहळतात. अवघड परीक्षेतलं अपयश सांगता येतं, त्यावर बोलता येतं, त्याच्याभोवती मित्र जमतात. सोप्या म्हणून गाजलेल्या परीक्षेतलं अपयश लपवावं लागतं. नापास झालेली मुलं निकालाच्या दिवशी ग्रुपवर गप्प असतात. "निकाल रोखलाय" किंवा "फॉर्ममध्ये काहीतरी चूक झाली" असं सांगतात. दुसऱ्यांदा फॉर्म भरताना मित्रांनाही कळू देत नाहीत, म्हणजे अभ्यासाला सोबतही उरत नाही. मग ती कुठल्या तरी गेस पेपरच्या, हमखास पासच्या जाहिरातीच्या मागे लागतात. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच मदत मागायची लाज वाटावी, अशी ही रचना आपण सिनिअरांनीच बोलून बोलून उभी केली आहे. ती उभी करायला कौन्सिलचा नियम लागला नाही आणि मोडायलाही लागणार नाही.

"कोर्टात ताण असतोच, आधीच सवय झालेली बरी," हा युक्तिवाद मी अनेक आदरणीय तोंडांतून ऐकला आहे. तो मला पटत नाही, कारण दोन्ही ताणांची जात वेगळी आहे. कोर्टात समोर न्यायाधीश असतात, पलीकडे विरुद्ध बाजूचा वकील असतो, मागे पक्षकार उभा असतो. उत्तर सुचलं नाही तर वेळ मागता येतो, सिनिअरला विचारता येतं, चूक झाली तर वरच्या न्यायालयाची वाट असते. ओएमआर कागदापुढे माणूस एकटा असतो आणि त्याला फक्त गोल रंगवायचा असतो. एका गोष्टीची सवय करून दुसरी येत नाही. गांधीजींच्या आत्मकथेत याचं फार प्रामाणिक उदाहरण आहे. 10 जून 1891 ला ते लंडनमध्ये बॅरिस्टर झाले. त्या काळी त्यासाठी ठरलेल्या सत्रांची जेवणं जेवावी लागत आणि परीक्षा अगदी सोप्या असत, हे त्यांनीच नोंदवलं आहे; तरी त्यांनी रोमन कायदा मूळ लॅटिनमधून वाचण्याचे कष्ट घेतले. आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात, तीस रुपये फीच्या पहिल्याच दाव्यात, उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांना चक्कर आल्यासारखं झालं, एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि प्रकरण दुसऱ्या वकिलाकडे सोपवा म्हणाले. त्यांची तयारी कमी नव्हती. त्यांना कोर्टात उभं राहायला कुणी शिकवलं नव्हतं. आजची परीक्षाही ते शिकवत नाही आणि तपासतही नाही. पक्षकाराचं म्हणणं ऐकून त्यातून वादपत्र लिहिणं, जामिनाचा अर्ज चार परिच्छेदांत बसवणं, साक्षीदाराला पहिला प्रश्न कुठला विचारायचा ते ठरवणं, यातलं काहीही चार पर्यायांत मावत नाही. पक्षकाराचे पैसे, त्याची गुपितं, दोन्ही बाजूंशी असलेले संबंध या सगळ्याला व्यापणाऱ्या व्यावसायिक नीतीला शंभरात चार गुण आहेत. वकिलाविरुद्धच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक त्या चार गुणांतल्या होत्या.

परीक्षा असावी, या मताचा मी आहे. ज्याच्या हातात एखाद्याची जमीन किंवा एखाद्याचा तुरुंगवास सोपवायचा, त्याला निदान कायदा उघडून वाचता येतो की नाही हे पाहणं पक्षकाराच्या हिताचं आहे, आणि हा धंदा पक्षकारासाठी आहे. पण परीक्षेने जर कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा मोजायचा असेल, तर नापास होणाऱ्याबरोबर त्याला शिकवणाऱ्याचंही नाव पुढे यायला हवं. महाविद्यालयांना मान्यता देणारी, त्यांची तपासणी करणारी संस्था बार कौन्सिल ऑफ इंडियाच आहे, आणि त्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्यांची परीक्षा घेणारी संस्थाही तीच. ज्या कॉलेजात पाच वर्षांत मूट कोर्ट नावालाच झालं, पुरावा कायद्याला तासिकेवरचा शिक्षक बदलत राहिला, तिथली निम्मी मुलं नापास झाली तर निकाल लागतो तो त्यांच्या रोल नंबरपुढे. कॉलेजला पत्रही जात नसेल, तर त्या परीक्षेने शिक्षण सुधारायचं कसं? निकाल महाविद्यालयवार जाहीर करा. वर्षानुवर्षं ज्यांचे विद्यार्थी नापास होतात त्यांची तपासणी आधी करा. त्याने मुलांच्या मनावरचा निम्मा भार उतरेल, कारण आज सगळं अपयश त्यांच्या एकट्याच्या माथी येतं. प्रश्न चुकीचे निघाल्याने ते मागे घेण्याची वेळ कौन्सिलवरही आलेली आहे. परीक्षा घेणाऱ्याच्या हातून चूक होऊ शकते, हे एकदा मान्य केलं की देणाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलते.

बाहेरच्या देशांतही हे शहाणपण सहज आलेलं नाही. कॅलिफोर्नियाची बार परीक्षा अमेरिकेतल्या कठीण परीक्षांत गणली जाते. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या स्टेट बारने नव्या पद्धतीने परीक्षा घेतली आणि संगणक प्रणाली अनेकांच्या पुढ्यात बंद पडली. उत्तरं जतन होईनात, पडदा गोठू लागला. नंतर काही प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तयार केले होते हेही स्टेट बारनेच उघड केलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेपुरती उत्तीर्णतेची रेषा खाली आणली आणि जुलैसाठी जुन्या प्रश्नपत्रिकेकडे परत जायला लावलं. झालेला मनस्ताप त्याने भरून निघाला नाही. पण ताणाची जबाबदारी परीक्षार्थीच्या मज्जातंतूंवर न टाकता व्यवस्थेवर टाकली गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे काय करायचं ते फार मोठं नाही. वर्षातले दोन रविवार कायमचे ठरवून टाका, इतके कायमचे की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आपण कुठल्या रविवारी बसणार हे माहीत असेल. निकालाला दिवसांची मर्यादा घाला. परीक्षा सनदेच्या आधी आणा, म्हणजे नियम 49 कुणाच्या पोटावर येणार नाही. पुन्हा बसणाऱ्याचं शुल्क नाममात्र करा. महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांचं कामकाज 1998 च्या अधिसूचनेपासून मराठीत चालतं; पेपर मराठीत देता येतो, तर त्याच्या तयारीला लागणारे टिपाविरहित मराठी कायदे तालुक्याच्या गावीही मिळतील, एवढी तजवीज महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने करावी.

उरलेलं काम आमचं, म्हणजे ज्यांच्या ऑफिसात ही मुलं बसतात त्यांचं आहे. परीक्षा रविवारी असते, आणि शनिवारी संध्याकाळी ज्युनिअर सोमवारच्या बोर्डाच्या फाइली लावत असतो. परीक्षेआधीचे पंधरा दिवस त्याला पगारी सुट्टी द्या. तारीख पुढे ढकलली तर पुन्हा द्या, त्याला मागायला लावू नका. वकील संघाच्या ग्रंथालयाला संध्याकाळी कोर्ट सुटलं की कुलूप लागतं. परीक्षेच्या आधीचे दोन महिने ते रात्री दहापर्यंत उघडं ठेवायला एक शिपाई आणि थोडं वीजबिल एवढाच खर्च आहे, आणि तिथे आठवड्यातून एकदा तासभर बसून मुलांच्या शंका सोडवायला प्रत्येक बारमध्ये दोन-तीन अनुभवी वकील नक्की मिळतील. आमच्या संघाच्या पुढच्या सभेत हा विषय मांडावा म्हणून मी सचिवांना लेखी अर्ज दिला आहे. सभेला जे येतील त्यांनी, मागे एखादा ज्युनिअर बसला असेल हे लक्षात घेऊन, त्या परीक्षेबद्दल बोलावं.